बर्किट, डेनिस पार्सन्स

(२८ फेब्रुवारी १९११ – २३ मार्च १९९३). आयर्लंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद. उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतील लहान मुलांना होणाऱ्या एका मारक अर्बुदाचे (जीवघेण्या गाठीचे) पहिले सुसंगत वर्णन त्यांनी केले व ते अर्बुद ‘बर्किट लसीकार्बुद’ या नावाने ओळखले जाते. या अर्बुदाच्या अभ्यासातूनच माणसातील कर्करोगाशी संबंध असलेला पहिला व्हायरस उजेडात आला. उत्तरायुष्यात आहारातील तंतुमय पदार्थांच्या (चोथ्याच्या) महत्त्वाकडे वैद्यकाचे व सर्वसामान्यांचे लक्ष वेधण्याचे कार्यही त्यांनी केले. या दोन विषयांचा वरवर पाहता एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. तथापि दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : एखादा रोग कोठे आढळतो आणि कोठे आढळत नाही? प्रयोगशाळा, मोठे अनुदान किंवा संशोधनाचे औपचारिक शिक्षण यांपैकी काहीही हाताशी नसताना केवळ या प्रश्नाच्या आधारे किती दूरवर जाता येते आणि त्याच्या मर्यादा कोठे पडतात, या दोन्ही गोष्टी बर्किट यांच्या कार्यावरून स्पष्ट होतात.

त्यांचा जन्म उत्तर आयर्लंडमधील एनिस्किलन येथे झाला. त्यांचे वडील जेम्स पार्सन्स बर्किट हे फर्मॅना परगण्याचे मोजणी अभियंता होते. फावल्या वेळात ते पक्षिनिरीक्षण करीत. आपल्या बागेतील रॉबिन पक्ष्यांच्या पायांत धातूची कडी अडकवून प्रत्येक पक्ष्याची हद्द कोठपर्यंत आहे, हे ते नकाशावर मांडीत. त्यांना रंगांधत्व असल्यामुळे त्यांनी रंगीत कड्यांऐवजी निरनिराळ्या आकारांची कडी वापरली. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी प्रसिद्ध केलेले या विषयावरील लेख पक्षिविज्ञानात पायाभूत मानले जातात. पुढे मुलाने रोगांच्या बाबतीत जे केले ते पद्धतीच्या दृष्टीने वडिलांच्या या छंदाहून फारसे निराळे नव्हते. वयाच्या अकराव्या वर्षी शाळेत झालेल्या एका अपघातात चष्म्याची काच फुटून डेनिस यांचा उजवा डोळा निकामी झाला. शालेय शिक्षणानंतर १९२९ मध्ये त्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश घेतला. तेथे धर्मनिष्ठ ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या एका गटाशी त्यांचा संबंध आला आणि वैद्यक हेच आपले जीवितकार्य आहे, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी अभ्यासक्रम बदलला व १९३५ मध्ये ते वैद्यकाचे पदवीधर झाले. १९३८ साली ते एडिंबरो येथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्य (फेलो) झाले. त्याच वर्षी एका जहाजावर वैद्य म्हणून त्यांनी मँचुरियापर्यंत सफर केली. नंतर काही काळ प्लिमथ येथील रुग्णालयात त्यांनी काम केले.

आफ्रिकेत जाऊन सेवा करावी म्हणून त्यांनी वसाहतींच्या वैद्यकीय सेवेकडे अर्ज केला. परंतु एकच डोळा असलेला शस्त्रक्रियाविशारद नको, या कारणाने तो फेटाळण्यात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र सैन्याच्या वैद्यकीय विभागाने त्यांना घेतले आणि पूर्व आफ्रिका व श्रीलंका येथे त्यांची नेमणूक झाली. १९४३ मध्ये त्यांचा ऑलिव्ह रॉजर्स यांच्याशी विवाह झाला. युद्धानंतर वसाहत सेवेने पूर्वीचा आक्षेप मागे घेतला व १९४६ मध्ये ते युगांडात दाखल झाले. त्यांची पहिली नेमणूक लांगो जिल्ह्यातील लिरा येथे झाली. तेथे जलवृषणाचे (वृषणाभोवतीच्या पिशवीत पाणी साठून येणाऱ्या सुजेचे) रुग्ण मोठ्या प्रमाणावर शस्त्रक्रियेसाठी येत. हे रुग्ण जिल्ह्याच्या सर्व भागांतून सारख्या प्रमाणात येत नाहीत, तर पूर्वेकडील भागातून अधिक व पश्चिमेकडून फारच थोडे येतात, असे त्यांच्या ध्यानात आले. गावोगावच्या पुरुषांची तपासणी करून त्यांनी ही तफावत आकड्यांत मांडली व १९५१ साली एक लेख प्रसिद्ध केला. डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या कृमींशी या तफावतीचा संबंध होता, हे नंतर स्पष्ट झाले. हा लेख आकाराने लहान आहे. परंतु बर्किट यांच्या पुढील सर्व कार्याची पद्धत त्यात दिसते.

१९४८ मध्ये त्यांची बदली कांपाला येथील मुलागो रुग्णालयात झाली. हे युगांडातील प्रमुख सरकारी रुग्णालय असून मकेरेरे येथील वैद्यक विद्यालयाशी संलग्न होते. शस्त्रक्रियाविशारदांची संख्या अत्यल्प व रुग्णांची रीघ अखंड, अशी तेथील परिस्थिती होती. हाडे बसविण्यापासून पोटाच्या शस्त्रक्रियांपर्यंत सर्व काही करावे लागे व अध्यापनही चाले. अशा रुग्णालयात संशोधनासाठी वेगळा वेळ मिळणे अशक्यच होते. मात्र एक साधन तेथे होते. विकृतिवैज्ञानिक जॅक डेव्हिस यांनी कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही काळजीपूर्वक चालविली होती आणि तिचा बर्किट यांना पुढे फार उपयोग झाला.

१९५७ मध्ये बालरुग्ण विभागातील वैद्य ह्यू ट्रॉवेल यांनी एका पाच वर्षांच्या मुलाला पाहण्यासाठी बर्किट यांना बोलाविले. त्या मुलाच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही जबड्यांना, दोन्ही बाजूंनी, गाठी आल्या होत्या. दात सैल झाले होते व चेहरा विद्रूप झाला होता. जंतुसंसर्ग म्हणावा तर तो जबड्याच्या चारही भागांत एकाच वेळी होत नाही आणि कर्करोग म्हणावा तर तोही अशा रीतीने चार ठिकाणी एकदम उद्‌भवत नाही. बर्किट यांनी छायाचित्रे घेतली, ऊतकाचा नमुना तपासणीसाठी पाठविला. परंतु उलगडा झाला नाही. काही आठवड्यांनंतर ते जिंजा येथील रुग्णालयास भेट देण्यास गेले असता खिडकीतून बाहेर पाहताना त्यांना हिरवळीवर आईजवळ बसलेले एक मूल दिसले. त्याचाही चेहरा तसाच सुजलेला होता. तपासणीत त्याच्या पोटातही गाठी आढळल्या. एकच उदाहरण असेल तर ते नवलाचे म्हणून सोडून देता येते. दोन उदाहरणांनंतर तसे करणे त्यांना शक्य नव्हते. त्या मुलाला घेऊन ते मुलागोला परतले आणि त्यांनी जुन्या नोंदी चाळण्यास प्रारंभ केला.

नोंदींवरून असे दिसले की, जबड्याच्या गाठी असलेल्या बहुतेक मुलांच्या शरीरात इतरत्रही, विशेषतः मूत्रपिंडे, अधिवृक्क ग्रंथी, यकृत व मुलींच्या बाबतीत अंडकोश यांमध्ये, गाठी असत. मात्र आतापर्यंत प्रत्येक तज्ञाने आपापल्या अवयवापुरते पाहिले होते. जबड्याची गाठ दंतवैद्याकडे जाई, डोळ्यामागची गाठ नेत्रवैद्याकडे व पोटातली शस्त्रक्रियाविशारदाकडे. आणि प्रत्येक ठिकाणी तिला वेगळे नाव मिळे. हे सर्व एकाच रोगाचे आविष्कार आहेत, ही बर्किट यांची मूलभूत कल्पना होय. रोग नवा नव्हता. कांपाला येथील मेंगो रुग्णालयाचे संस्थापक आल्बर्ट कुक यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या टिपणांतही अशा मुलांची चित्रे आढळतात. १९५८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात बर्किट यांनी ३८ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी या अर्बुदाला ‘मांसार्बुद’ म्हटले होते. ते प्रत्यक्षात लसीका ऊतकातील कोशिकांपासून (पेशींपासून) उद्‌भवणारे लसीकार्बुद आहे, हे ग्रेगरी ओकॉनर व डेव्हिस यांनी विकृतिवैज्ञानिक तपासणीने थोड्याच काळात दाखवून दिले. सूक्ष्मदर्शकाखाली गडद कोशिकांच्या दाट थरात मधूनमधून फिकट रंगाच्या मोठ्या भक्षिकोशिका विखुरलेल्या दिसतात. या दृश्याला ‘तारांकित आकाश’ असे नाव मिळाले व ते रूढ झाले. मूळ लेखाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कर्करोगावर संशोधन करणारे शस्त्रक्रियेची नियतकालिके सहसा वाचीत नसत.

हा रोग युगांडापुरताच आहे की अन्यत्रही आढळतो, हा पुढचा प्रश्न होता. बर्किट यांनी रुग्ण मुलांची छायाचित्रे असलेले एक पत्रक छापून घेतले व ते आफ्रिकेतील सरकारी आणि मिशनरी रुग्णालयांना टपालाने पाठविले. ‘अशी मुले आपल्याकडे येतात काय?’ एवढाच त्यातील प्रश्न होता. या कामासाठी त्यांना २५ पौंडांचे सरकारी अनुदान मिळाले होते. आलेली उत्तरे ते कचेरीच्या भिंतीवरील नकाशावर टाचण्या टोचून नोंदवीत. हळूहळू नकाशावर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस, आफ्रिकेच्या आरपार जाणारा एक पट्टा उमटला व पूर्व किनाऱ्यालगत त्याला दक्षिणेकडे मोझँबीकपर्यंत उतरणारे शेपूट दिसू लागले. या पट्ट्याच्या कडा कशामुळे ठरतात, हे टपालाने कळण्यासारखे नव्हते.

त्यासाठी ऑक्टोबर १९६१ मध्ये बर्किट स्वतः निघाले. त्यांच्याबरोबर दोन डॉक्टर होते : युगांडाच्या वायव्य भागातील कुलुव्हा येथील मिशनरी वैद्य टेड विल्यम्स आणि सरकारी सेवेतील क्लिफर्ड नेल्सन. २५० पौंडांना विकत घेतलेल्या १९५४ सालच्या जुन्या फोर्ड स्टेशन वॅगनमधून त्यांनी दहा आठवड्यांत सुमारे १६,००० किमी. प्रवास केला. विल्यम्स यांना मोटारदुरुस्ती उत्तम येत असे व मोटारीचे वय पाहता त्यांची ही विद्या वैद्यकाइतकीच आवश्यक होती. केन्या, टांगानिका (आताचे टांझानिया), न्यासालँड (मालावी), मोझँबीक, ऱ्होडेशिया, दक्षिण आफ्रिका इ. प्रदेशांतील पन्नासांहून अधिक रुग्णालयांना त्यांनी भेटी दिल्या. प्रत्येक ठिकाणी तोच कार्यक्रम असे : तेथील डॉक्टरांना छायाचित्रे दाखवावयाची, त्यांनी असे रुग्ण पाहिले आहेत काय ते विचारावयाचे, नोंदी तपासावयाच्या व पुढे जावयाचे. रोग ‘आढळत नाही’ हे उत्तर ‘आढळतो’ या उत्तराइतकेच मोलाचे आहे, हे बर्किट जाणून होते. या तत्त्वाचा उल्लेख आज सहज केला जातो. परंतु थकव्याने व धुळीने गांजलेल्या प्रवाशाला शंभर किलोमीटर आडवाटेने जाऊन नकारार्थी उत्तर घेऊन परतण्यास बराच निग्रह लागतो.

या ‘दीर्घ सफरी’तून असे निष्पन्न झाले की, विषुववृत्ताजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मी. पेक्षा अधिक उंचीवर हा रोग आढळत नाही. दक्षिणेकडे जावे तसतशी ही उंचीची मर्यादा खाली येत न्यासालँडमध्ये सुमारे ९०० मी. व त्याहून दक्षिणेस सुमारे ३०० मी. होते. उंची ही वस्तुतः तापमानाची निदर्शक आहे, हे एन्टेबी येथील व्हायरस संशोधन संस्थेचे संचालक अलेक्झांडर हॅडो यांनी दाखवून दिले. किमान तापमान सुमारे १६° से. च्या खाली जाते तेथे रोग नाही, तसेच रुक्ष प्रदेशातही तो नाही, असे आढळले. पीतज्वरासारख्या डासांनी पसरणाऱ्या रोगांचे क्षेत्र नकाशावर मांडले, तर ते जवळजवळ असेच दिसते. त्यावरून डासांमार्फत पसरणारा एखादा व्हायरस या कर्करोगाचे कारण असावा, असा तर्क बर्किट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. या तर्काचा अर्धा भाग खरा ठरला व अर्धा चुकला. मात्र चुकलेल्या अर्ध्या भागातूनही पुढे महत्त्वाचे काही हाती लागले.

सफरीपूर्वी, २२ मार्च १९६१ रोजी, रजेवर इंग्लंडला आलेल्या बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात या विषयावर व्याख्यान दिले होते. श्रोत्यांत अँटनी एप्स्टाइन हे विकृतिवैज्ञानिक होते. कोंबड्यांमध्ये कर्करोग उत्पन्न करणाऱ्या व्हायरसाचा ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अभ्यास करीत होते. हवामानावर अवलंबून असणारा कर्करोग ऐकताच त्यांनी आपले चालू काम बाजूस ठेवण्याचा निश्चय केला व बर्किट यांच्याशी अर्बुदांचे नमुने पाठविण्याबद्दल ठरविले. त्यानंतर कांपालाहून विमानाने नमुने लंडनला जाऊ लागले. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांत काहीच सापडले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावे लागले आणि नमुना उशिरा पोहोचला. कुपीतील द्रव गढूळ झाला होता. जंतुसंसर्ग झाला असे समजून तो टाकून देणे स्वाभाविक होते. परंतु एप्स्टाइन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा तो गढूळपणा सुट्या, जिवंत कोशिकांचा आहे असे दिसले. अशा तरंगत्या कोशिकांचे संवर्धन करण्यात एप्स्टाइन व त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांना यश आले आणि १९६४ च्या आरंभी त्या कोशिकांत परिसर्प गटातील एक नवा व्हायरस दिसला. एप्स्टाइन, बर्ट अचाँग व बार यांनी त्याचे वृत्त त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध केले. त्याला ‘एप्स्टाइन-बार व्हायरस’ असे नाव मिळाले.

या शोधाने मूळ कोडे सुटण्याऐवजी अधिक अवघड झाले. फिलाडेल्फिया येथील वेर्नर व गेर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या रक्तपरीक्षांवरून असे आढळले की, हा व्हायरस आफ्रिकेपुरता नसून जगभर आहे, बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात तो असतो आणि त्याचा प्रसार डासांमुळे नव्हे, तर लाळेवाटे होतो. पाश्चात्त्य देशांत तरुणांना होणारा ग्रंथिज्वर त्यामुळेच होतो, हेही त्यांनी १९६८ मध्ये दाखविले. मग कर्करोग त्या एका पट्ट्यातच का? याचे उत्तर हिवतापात मिळाले. वर्षभर व तीव्र प्रमाणात हिवताप असणारे क्षेत्र आणि बर्किट यांचा पट्टा यांत निकटचे साम्य आहे, याकडे १९६० नंतरच्या दशकात गिल्बर्ट डालडॉर्फ व नंतर स्वतः बर्किट यांनी लक्ष वेधले. नकाशावरील डास खराच होता. तो व्हायरसाचा वाहक नसून हिवतापाचा होता. वारंवार होणाऱ्या हिवतापामुळे प्रतिकारक्षमतेच्या कोशिकांना सतत चेतना मिळते व व्हायरसाने बाधित झालेल्या कोशिका आटोक्यात राहत नाहीत, असे आता मानले जाते. युगांडाच्या पश्चिम नाईल भागात सुमारे ४२,००० मुलांचे रक्तद्रव गोळा करून केलेल्या व १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, या व्हायरसाविरुद्ध प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक असलेल्या मुलांना अर्बुद होण्याचा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो, असे आढळले. कोशिकेतील बिघाडाचे स्वरूपही याच सुमारास उलगडले. क्रमांक ८ व क्रमांक १४ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ‘मिक’ नावाचे कोशिकावाढीचे जनुक अस्थानी जाते व अनिर्बंध कार्य करू लागते, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. कर्करोगाच्या जनुकीय उपपत्तीला या निष्कर्षाने मोठा आधार मिळाला.

बर्किट हे मुळात रुग्णावर उपचार करणारे वैद्य होते आणि रोगाच्या कारणमीमांसेइतकीच त्याच्या उपचारांची चिंता त्यांना होती. हे अर्बुद अत्यंत वेगाने वाढते. उपचार न झाल्यास मूल काही महिन्यांतच दगावते. शस्त्रक्रियेने जबडा काढला, तरी इतरत्र गाठी राहतच. क्ष-किरणोपचाराची सोय त्या वेळी युगांडात नव्हती. त्यामुळे औषधांखेरीज मार्ग उरला नव्हता. न्यूयॉर्क येथील जोसेफ बर्चेनल इत्यादींच्या साहाय्याने त्यांनी मेथोट्रेक्झेट, सायक्लोफॉस्फामाइड व व्हिंक्रिस्टीन ही औषधे वापरून पाहिली. काही मुलांच्या गाठी एक-दोन मात्रांतच विरघळल्यासारख्या नाहीशा झाल्या व त्यांतील काही मुले कायमची बरी झाली. औषधांचा पुरवठा तुटपुंजा असल्याने अनेकदा मात्रा अल्प द्यावी लागे. त्या काळी पसरलेला कर्करोग केवळ औषधाने बरा होऊ शकतो, यावर फार थोड्यांचा विश्वास होता. त्यामुळे कांपालातील या अनुभवाचे महत्त्व त्या रोगापुरते मर्यादित राहिले नाही. १९६७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने मुलागो येथे लसीकार्बुद उपचार केंद्र सुरू झाले व जॉन झीग्लर यांनी हे काम पुढे नेले. १९७१ च्या लष्करी उठावानंतरच्या अस्थिर परिस्थितीत त्याला मोठा धक्का बसला. श्रीमंत देशांत या रोगाची दहांपैकी सुमारे नऊ मुले आता बरी होतात. ज्या प्रदेशात या उपचारांचा आरंभ झाला, तेथे निदानास होणारा विलंब, औषधांची टंचाई व अर्धवट सोडावे लागणारे उपचार यांमुळे हे प्रमाण अद्याप बरेच कमी आहे. भारतात हा रोग तुरळक प्रमाणात आढळतो.

१९६४ मध्ये बर्किट यांनी शस्त्रक्रियेचा व्यवसाय सोडला व ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या सेवेत ते रुजू झाले. १९६६ मध्ये वीस वर्षांच्या वास्तव्यानंतर त्यांनी युगांडा सोडले. या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होते व एका रोगाला त्यांचे नाव मिळालेले होते. त्यांच्या जीवनाचा दुसरा अध्याय १९६७ मध्ये सुरू झाला. रिचर्ड डॉल यांच्या सूचनेवरून ब्रिटिश नौदलातील निवृत्त वैद्य टी. एल. क्लीव्ह यांची त्यांनी भेट घेतली. साखर व मैदा यांसारख्या शुद्ध केलेल्या पिष्टमय पदार्थांमुळे मधुमेहापासून दंतक्षयापर्यंत अनेक रोग उद्‌भवतात, असे क्लीव्ह यांचे मत होते आणि त्यांना फारसे कोणी गंभीरपणे घेत नसे. बर्किट यांना मात्र एक गोष्ट तत्काळ जाणवली. क्लीव्ह सांगत होते त्यांपैकी कितीतरी रोग युगांडातील वीस वर्षांत त्यांनी क्वचितच पाहिले होते. आंत्रपुच्छशोथ, पित्ताश्म, मोठ्या आतड्याच्या भित्तीत लहान पिशव्या निर्माण होण्याचा विकार, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे सर्व इंग्लंडमधील शस्त्रक्रियाविशारदाच्या नित्याच्या अनुभवातील विकार; ग्रामीण आफ्रिकेत ते दुर्मिळ होते. ग्रामीण रुग्णालयांचे जाळे त्यांच्या परिचयाचे होतेच. त्यांनी दीडशेहून अधिक रुग्णालयांशी नियमित पत्रव्यवहार सुरू केला आणि टाचण्या व नकाशे पुन्हा भिंतीवर आले.

क्लीव्ह यांचा भर साखरेवर होता. बर्किट यांनी तो धान्यातून काढून टाकल्या जाणाऱ्या चोथ्यावर आणला. दक्षिण आफ्रिकेतील अलेक्झांडर वॉकर व लंडनमधील शस्त्रक्रियाविशारद नील पेंटर यांच्या सहकार्याने त्यांनी, क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या लहान गोळ्या गिळावयास देऊन अन्न पचनमार्गातून जाण्यास किती वेळ लागतो ते मोजले व विष्ठेचे वजन केले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार युगांडातील खेडुतांत हा काळ सरासरी सुमारे ३६ तास, तर ब्रिटनमधील नौसैनिक व त्यांच्या कुटुंबीयांत ८० तासांहून अधिक होता. विष्ठेचे दैनिक वजन युगांडात ब्रिटनच्या चौपटीहून जास्त होते. चोथा कमी झाला की, विष्ठा घट्ट व अल्प होते, आतड्यातील दाब वाढतो व हानिकारक द्रव्यांचा आतड्याच्या अस्तराशी दीर्घकाळ संपर्क राहतो, अशी त्यांची उपपत्ती होती. विष्ठेविषयी सभ्य समाजात व वैद्यकीय सभांतूनही बोलणे टाळले जाई; बर्किट यांनी व्यंगचित्रे व पारदर्शिका यांच्या साहाय्याने त्या विषयावर जगभर भाषणे दिली व श्रोत्यांना हसविता हसविता आपला मुद्दा पटविला. १९५७ मध्ये त्यांना त्या पहिल्या मुलाकडे बोलावणारे ट्रॉवेल आता इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक झाले होते. तेही या कार्यात सहभागी झाले. दोघांनी मिळून शुद्ध पिष्टमय पदार्थ व रोग यांविषयीचा १९७५ चा व ‘पाश्चात्त्य रोगां’विषयीचा १९८१ चा असे दोन ग्रंथ संपादित केले. सामान्य वाचकांसाठी बर्किट यांनी १९७९ मध्ये लिहिलेले आहारातील चोथ्यासंबंधीचे पुस्तक अनेक भाषांत भाषांतरित झाले.

या दुसऱ्या कार्याचे मूल्यमापन पहिल्याइतके सरळ नाही. मुलांच्या जबड्यावरील गाठ छायाचित्रावरून कोणालाही ओळखता येते, परंतु आतड्याच्या कर्करोगाचे निदान साधनांवाचून होत नाही व जेथे साधने नाहीत तेथे ‘रोग आढळत नाही’ या उत्तराला पूर्वीइतके वजन राहत नाही. शिवाय हा कर्करोग मुख्यतः उतारवयात होतो व आफ्रिकेतील लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण अल्प होते. ग्रामीण आफ्रिकन व शहरी ब्रिटिश यांच्यात चोथ्याखेरीज मांसाहार, स्निग्ध पदार्थ, शरीरश्रम, वजन असे अनेक भेद होते. त्यांपैकी एकच निवडून त्याच्याकडे कारण म्हणून बोट दाखविणे ही घाई होती, हा टीकाकारांचा आक्षेप बव्हंशी योग्य होता. अमेरिकेतील परिचारिकांची १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी पाहणी व त्यानंतरच्या वर्षी आलेले प्रयोग यांत चोथ्याचा संरक्षक परिणाम दिसून आला नाही. याउलट यूरोपातील दहा देशांच्या २००३ मधील अभ्यासात तो दिसला व पुढील एकत्रित विश्लेषणांचा कलही त्याच बाजूस झुकला. २०१५ मध्ये स्टीफन ओकीफ इत्यादींनी आफ्रिकी वंशाचे अमेरिकन व ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोक यांच्या आहारांची दोन आठवडे अदलाबदल केली, तेव्हा दोन्ही गटांच्या आतड्याच्या अस्तरात अपेक्षित दिशेने बदल झाले. २०१९ मधील एका व्यापक समीक्षेत रोज २५ ते २९ ग्रॅ. चोथा घेणाऱ्यांत हृद्‌रोग, मधुमेह व आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी आढळले. मात्र यामागील प्रक्रिया बर्किट यांनी कल्पिली तशी केवळ वेगाची व वजनाची नाही. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतू चोथा आंबवून जी अम्ले तयार करतात त्यांना आता अधिक महत्त्व दिले जाते. मूळव्याध, पायांवरील फुगलेल्या नीला इ. अनेक विकारांची संपूर्ण यादी एकाच कारणाखाली आणण्याचा त्यांचा प्रयत्न टिकलेला नाही. आपल्याला मौलिक असे काही सुचले नाही, आपण इतरांची निरीक्षणे एकत्र जुळविली, असे ते स्वतः सांगत. यात विनय असला, तरी पद्धतीचे वर्णन म्हणून ते अचूक आहे.

१९७६ मध्ये वैद्यकीय संशोधन मंडळाच्या सेवेतून ते निवृत्त झाले. निवृत्तीचा त्यांच्या दिनक्रमावर विशेष परिणाम झाला नाही. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात मानद संशोधक म्हणून १९८४ पर्यंत त्यांचे काम चालू होते व त्यानंतरही व्याख्यानांसाठी त्यांचा प्रवास सुरूच राहिला. अखेरची वर्षे त्यांनी ग्लॉस्टरशरमधील बिझ्ली या खेड्यात घालविली. धर्मश्रद्धा हा त्यांच्या जीवनाचा आधार होता. मिशनरी रुग्णालयांतील डॉक्टरांनी त्यांच्या पत्रांना वर्षानुवर्षे तत्परतेने उत्तरे दिली याचे एक कारण या समान श्रद्धेतही शोधता येईल.

बर्किट यांना अनेक सन्मान मिळाले. त्यांत रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९७२), लास्कर पुरस्कार (१९७२), पाउल एर्लिख-लूटव्हिख डार्मश्टेटर पुरस्कार (१९७२), गेर्डनर पुरस्कार (१९७३), ब्रिटिश सरकारचा सी.एम.जी. हा किताब (१९७४), फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे परदेशी सदस्यत्व (१९९०) व फिलाडेल्फियाच्या फ्रँक्लिन संस्थेचा बॉवर पुरस्कार (१९९२) यांचा अंतर्भाव होतो. ग्लॉस्टर येथे पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचे निधन झाले.